‘थिजू द्या’ की ‘आळू द्या’?

ओंजळ:
तुर्की मुहल्लेबीची कृती मराठीत आणते आहे. दूध, तांदळाची पिठी, साखर. शिजवून वाट्यांत ओतायचं, गार झालं की ४ तास फ्रीजमध्ये. शेवटच्या ओळीत मी ‘थिजू द्या’ लिहिलं होतं, मुद्रितशोधकांनी ते खोडून ‘आळू द्या’ केलं. आळतं ते पिठलं. वाटी उपडी केल्यावर जे ताटलीत थरथरत उभं राहतं, ते ‘आळलं’ कसं?

रानजाई:
मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. थिजतं ते तूप, खोबरेल, चरबी. थंडीनं घट्ट, ऊब लागली की पुन्हा पातळ. मुहल्लेबी पुन्हा गरम करा, ती पहिल्यासारखी ओतता येत नाही, नुसत्या गुठळ्या होतात. पिठीतला स्टार्च साधारण ७० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो आणि गार होताना त्याची जाळी विणली जाते. ती जाळी उबेनं उसवत नाही. पिठलं, कढी, खीर याच स्टार्चनं दाट होतात आणि त्याला आपण आळणंच म्हणतो.

सांजवात:
पण आळणं चुलीवरही होतं ना! डाव जड लागायला लागतो तेही आळणंच. दोन्ही ठिकाणी एकच शब्द आला तर वाचणारी गॅसवरच वाटीत उभी राहील इतकी घट्ट करून बसेल आणि गार झाल्यावर हाती रबर येईल. प्रमाण सांगते: १ लिटर म्हशीच्या दुधाला चमच्यानं खायची तर ६० ग्रॅम पिठी, उपडी करायची तर ८०, साखर १२० ग्रॅम. उकळी फुटल्यावर मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, हात न थांबवता. डावाच्या पाठीवर बोटानं ओढलेली रेघ मिटली नाही की उतरवा. त्या वेळी ती सैलच दिसते, दिसायलाच हवी.

पाटावरवंटा:
‘सेट होऊ द्या’ लिहा. प्रत्येक घरात तोच शब्द आहे, वाचणाऱ्याला थबकावं लागत नाही.

रानजाई:
दही लागतं, तूप थिजतं, पिठलं आळतं, रक्त साकळतं, पाणी गोठतं. प्रत्येक क्रियापदात ते कशानं घट्ट झालं हे सांगितलेलं आहे. ‘सेट’नं सगळं एका मापात बसवलं की कृती लिहिणारा कारण सांगायचंच विसरतो.

पाटावरवंटा:
कारण कृतीत वेगळ्या वाक्यात सांगता येतं. शब्द वापरणाऱ्यांचा असतो, कोशाचा नाही.

मध्यलय:
थोडं बाजूला. ‘तांदळाचं पीठ’ नको, ‘पिठी’च हवी. भाकरीचं पीठ जाडसर असतं, दुधात रवाळ लागतं. मोदकाची पिठी, म्हणजे धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळलेली, तीच घ्या. मात्र इंद्रायणीची नको. तो तांदूळ चिकट, त्याची मुहल्लेबी तार धरते पण उभी राहत नाही. आणि ‘पेस्ट करा’ असंही लिहू नका. ताकाला आपण पीठ लावतो, तशी दुधाला पिठी लावायची. वाटीभर दूध गारच बाजूला ठेवून त्यात पिठी कालवा. गरम दुधात कोरडी पिठी पडली की तिचं वरचं अंग लगेच शिजतं, आत पीठ कोरडंच राहतं. ती गुठळी मग कितीही घोटा, फुटत नाही.

सांजवात:
रवाळ ही फिरनी. तिच्यासाठी तांदूळ भिजवून, निथळून मुद्दाम भरड वाटतात. मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये ती मातीच्या परळात मिळते. माती थोडं पाणी ओढून घेते, म्हणून कडेची फिरनी जास्त घट्ट. मुहल्लेबीत कण लागला तर ती बिघडली असंच धरतात.

पाटावरवंटा:
नावाचं काय? अरबीत दुधाला ‘हलीब’. त्यावरूनच ‘मुहल्लबिया’ हे तिचं अरबी नाव असणार, सरळ दिसतंय.

मध्यलय:
मराठीत सरळ दिसतं, कारण आपल्याकडे ‘ह’ एकच. अरबीत दोन आहेत. हलीबचा ह घशातून येतो, मुहल्लबियाचा साधा; मुळाक्षरं वेगळी. परंपरेनं हे नाव उमय्या खलिफांचा सेनापती मुहल्लब इब्न अबी सुफ्रा (मृत्यू ७०२) याच्याशी जोडतात. गोष्ट खरी असो वा नसो, त्याच्या नावातला ह जुळतो.

ओंजळ:
याच कृतीचा पुढचा भाग ‘कझानदिबी’ आहे, शब्दशः ‘कढईचा तळ’. तळाला मुद्दाम लागू देतात. याला ‘करपलेली मुहल्लेबी’ म्हटलं तर कोणी करणार नाही.

रानजाई:
खरवड! भांड्याच्या बुडाला धरलेला तो खमंग पापुद्रा, दुधाचा काय किंवा भाताचा काय. शब्द तयार आहे.

सांजवात:
काही घरांत खरपुडी. पण आपली खरवड आपोआप होते, ही करावी लागते. पसरट भांड्याला लोणी, त्यावर पिठीसाखरेचा पातळ थर, वर शिजलेली मुहल्लेबी बोटभर जाड. भांडं आचेवर सारखं फिरवत ठेवायचं, नाहीतर मधोमध काळं आणि कडा पांढऱ्या. तळ गडद तपकिरी झाला की पूर्ण गार करून पट्ट्या कापायच्या आणि भाजलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळायच्या.

ओंजळ:
‘खरवड’ घेते, पक्कं. पण शेवटची ओळ अजून तशीच राहिली.

मध्यलय:
‘धरू द्या’ का नको? साय धरते, पाक तार धरतो. आणि त्याच ओळीत हेही घाला: एकदा धरायला लागली की ढवळायची नाही. जाळी मोडली की पाणी सुटतं, ते पुन्हा आत जात नाही.

रानजाई:
साय वर धरते. ही आतून आळते.