शब्दचर्चा : पात्याला ‘पाणी देणे’ म्हणजे नेमके काय?

अनुवादक : बचत गटांसाठीच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करत आहे. स्वस्तात घेतलेल्या आणि पोलाद कोणते हे ठाऊक नसलेल्या सुरीला घरच्या घरी सुरक्षितपणे धार कशी लावावी, हा तिचा विषय आहे. ‘चाकावर घासताना पात्याला वरचेवर पाणी देत राहावे’ असे मी लिहिले. पाते तापू नये म्हणून ते पाण्यात बुडवावे, एवढाच माझा हेतू होता. तपासणाऱ्या बाईंनी मात्र ‘पाणी देणे म्हणजे पोलाद लाल तापवून विझवणे, वाचक सुरी चुलीत घालतील’ असा शेरा मारून वाक्य परत पाठवले. आमच्या घरी दगडावर पाणी शिंपडण्यालाही पाणी देणेच म्हणतात. जाणकारांचे मत हवे आहे.

सांगलीकडचा वाचक : बाईंचे म्हणणे रास्त आहे. आमच्याकडे कोयता लोहाराकडे जातो तो ‘पाणी देऊन आणायला’. पाणी कमी बसले तर ऊस तोडताना धार दुमडते आणि जास्त बसले तर धारेचा तुकडा उडतो, त्यामुळे भट्टीतल्या पात्याचा रंग पाहून ते नेमक्या क्षणी विझवणारा लोहार गावात नावाजलेला असतो. कोरड्या चाकावर घासताना धारेच्या कडेला निळी छटा आली, तर तेथील उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली असे समजावे. तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते आणि पुढे कितीही घासले तरी तिथे धार टिकत नाही. आपल्या वाक्याचा उद्देश पाणी उतरू नये हा असताना शब्द मात्र पाणी चढवण्याचा आला आहे. ‘पाण्यात बुडवून गार करावे’ असे सरळ लिहावे.

संस्कृतचा अभ्यासक : हा भेद फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांची ‘पायना’, म्हणजे तापवून विझवणे, क्षार, उदक आणि तेल अशी तीन प्रकारची सांगितली आहे. शस्त्र घासण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार राखण्यासाठी सावरीची फळी, हे तिथेच वेगळे दिले आहे. आपला ‘पाजवणे’ हा शब्द याच ‘पायना’पासून आला असावा असे मला ठामपणे वाटते. पुस्तिकेत ‘धार लावणे’ हा सपक प्रयोग टाळून ‘पाजवणे’ आणि दगडासाठी ‘निसणा’ हे शब्द आणावेत. ते वापरले नाहीत तर नाहीसे होतील.

रत्नागिरीची वाचक : आमच्याकडे ‘निसण’ म्हणजे शिडी. विळी पाटासकट उचलून धारवाल्याच्या सायकलीपाशी नेणाऱ्या बाईला ‘निसण्यावर पाजवा’ असे सांगितले, तर ती काय समजेल? शब्द जपण्याची तळमळ मलाही आहे. पण या पुस्तिकेतला शब्द चुकला तर बोट कापले जाईल, आणि म्हणून इथे रोजच्या बोलण्यातला शब्दच हवा.

संस्कृतचा अभ्यासक : रोजच्या बोलण्यातले शब्दही कधीतरी कोणीतरी शिकवलेलेच असतात. ‘पाजवणे’ अनोळखी ठरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.

तंत्रशाळेतील निदेशक : मला चाकाचाच उल्लेख खटकतो. पोलाद अनोळखी असेल तर यंत्र नकोच. हाताने ओल्या दगडावर घासल्यास पाते तापत नाही आणि वादातले वाक्यही लागत नाही. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद चांगले, हा समज पुस्तिकेने आवर्जून खोडावा, कारण बऱ्याच साध्या स्टेनलेस सुऱ्यांनाही तो चिकटतो. मुठीजवळच्या बिनधारेच्या भागावर कानस हलकेच फिरवावी. ती निसटली तर पाते कडक आहे आणि दात रुतले तर मऊ आहे. मऊ पात्याला फार निमुळती धार दिली तर ती लगेच वळते, म्हणून दोन्ही बाजूंनी सुमारे २० अंशांचा कोन ठेवावा. दगडाखाली ओले फडके घालावे, म्हणजे तो सरकत नाही.

एक शब्द मलाही हवा आहे. एका बाजूने पुरेसे घासले की धारेच्या पलीकडच्या अंगाला धातूची अतिशय बारीक दुमड येते. पात्याच्या पाठीकडून धारेकडे अंगठा आडवा नेला, तर तो कडेशी किंचित अडतो. धारेच्या लांबीने मात्र बोट कधीही फिरवू नये. ही दुमड मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली की बाजू बदलायची. विद्यार्थ्यांना मी ‘बर’ असेच सांगतो, पण पुस्तिकेत काय लिहावे?

संस्कृतचा अभ्यासक : ‘कंगोरा’ चालावा.

सांगलीकडचा वाचक : कंगोरा मुद्दाम काढतात आणि तो राखतात. ही दुमड शेवटी हलक्या हाताने घासून काढून टाकायची असते. ‘कंगोरा’ वाचून लोक ती तशीच ठेवतील आणि पहिल्याच कांद्याला धार गेली म्हणून दगडाला दोष देतील.

रत्नागिरीची वाचक : निदेशकांनी स्वतः लिहिलेला ‘दुमड’ का नको? तो वाचताच मला कळला.

संस्कृतचा अभ्यासक : दुमड कापडाची असते. धातूला वेगळा शब्द असलाच पाहिजे. लोहार आणि शिकलगार यांना विचारल्याशिवाय मी हे मान्य करणार नाही.