प्रति: बाळाच्या खिशातलं शब्दमोजणी यंत्र
वर म्हटलंय की 'लेना' यंत्र बाळाच्या खिशात ठेवलं की घरातले शब्द मोजता येतात, आपल्या अंगणवाड्यांतही ते आणावं. पण ते शब्द ओळखत नाही. 16 तासांपर्यंतचा आवाज टिपतं, मग सॉफ्टवेअर मोठ्यांच्या शब्दांचा अंदाज बांधतं. तो अंदाज बसवलाय अमेरिकन इंग्रजी घरांवर. शिवाय दोघं एकदम बोलली की तेवढा भाग मोजणीतून गळतो! आमच्या तासगावाकडं बेदाण्याच्या दिवसांत आजी, चुलत्या, कामावरच्या बायका, सगळ्यांचं एकदम चालू असतं. आकडा कमी येणारच, आणि बोल लागणार त्या पोराच्या आईला. हे मला अजिबात मान्य नाही.

त्यातल्या त्यात कामाचा आकडा संवादफेऱ्यांचा: मूल बोललं आणि 5 सेकंदांत मोठ्यांनी प्रतिसाद दिला (किंवा उलट), की एक फेरी. 2018 मध्ये 4 ते 6 वर्षांच्या मुलांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला. त्यात मेंदूतल्या ब्रोका भागाच्या (भाषा सांभाळणाऱ्या भागांपैकी एक) कामाशी नातं दिसलं ते या फेऱ्यांचं, नुसत्या शब्दसंख्येचं नव्हे.

आणायचंच असेल तर आधी तासगाव-मिरजेच्या घरांतलं ध्वनिमुद्रण माणसांनी ऐकून मोजावं, यंत्राच्या आकड्यांशी ताडून बघावं. त्याआधी कुणाच्या घराला शेरा देऊ नये.