बँकेच्या चॅटबॉटवर खूश आहात की नुसतं चालवून घेताय?

कोथरूडकर: गेल्या आठवड्यात आईचं कार्ड एटीएममध्ये अडकलं. कर्वे रोडवर, भर उन्हात. बँकेच्या ॲपमधल्या बॉटला लिहिलं, 'कार्ड अडकलं'. त्यानं नवीन कार्डाच्या अर्जाची लिंक दिली. तीनदा तीच. चौथ्यांदा लिहिलं, 'माणसाशी बोलायचंय'. उत्तर : 'आपल्याला मदत करायला मला आनंद होईल.' शेवटी शाखेत गेलो, दहा मिनिटांत काम झालं. वर ॲप विचारतं, पाचपैकी किती तारे? मी वैतागून बंद केलं, म्हणजे त्यांच्या हिशेबात मी नाराज नाहीच! लोकांनी चॅटबॉट स्वीकारला म्हणे. फोन उचलणारी माणसंच काढून टाकल्यावर दुसरं करणार काय?

पिंपरीचा भाऊ: तुम्ही ठरावीक उत्तरांच्या बॉटवरून सगळ्यांना झोडपताय. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आला, तेव्हा कुणी सक्ती केली होती? आमची ही आठवीला शिकवते. रात्री अकराला त्याच्याकडून सराव प्रश्नपत्रिका काढून घेते, चुका स्वतः दुरुस्त करते. उपयोग दिसला आणि वापरायला सोपं वाटलं की लोक तंत्रज्ञान स्वीकारतात, हे फ्रेड डेव्हिस या संशोधकानं १९८९ मध्येच मांडलंय.

नारायण पेठेतली: आवडणं वेगळं, भरवसा वेगळा. १९६६ चा एलायझा नावाचा चॅटबॉट आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तरी तो बनवणाऱ्या वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! आणि एअर कॅनडा या विमान कंपनीचं काय? आजी वारलेल्या प्रवाशाला बॉटनं सांगितलं, आधी तिकीट काढा, नातलग वारल्यावर मिळणारी सवलत नंतर मागा. कंपनीनं हात वर केले. म्हणे बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. इतकं गोड बोलणाऱ्याचं लेखी घेऊन ठेवावं, मी तर स्क्रीनशॉट काढते.

पिंपरीचा भाऊ: स्क्रीनशॉटचं पटलं. पण काउंटरवरची माणसं चुकत नाहीत? मला 'सर्व्हर डाउन' म्हणून दोनदा परत पाठवलंय. बॉट निदान जेवायला तरी उठत नाही.

कोथरूडकर: जेवायला गेलेला अडीचला परत येतो हो भाऊ. आईनं त्याचं नाव विचारून डायरीत लिहून ठेवलंय.