वहिनींचा आवाज खाली आलाय. कोजागिरीची गाणी कशी निवडू?

सांगलीचा_कीबोर्ड

नमस्कार. आमचा सहा जणांचा हौशी वाद्यवृंद आहे, चौदा वर्षं झाली. मी कीबोर्ड वाजवतो. तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड, गिटार, एक गायक आणि एक गायिका. गायिका म्हणजे गिटारवाल्याची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. वय ५१. जुनी हिंदी गाणी आणि भावगीतं हा आमचा मुख्य माल.

यंदा गणपतीत एका सोसायटीत कार्यक्रम होता. तिसऱ्याच गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याला वहिनींचा वरचा पंचम लागला नाही, आवाज चिरकला. त्यांनी ओळ अर्ध्यावर सोडली, मी ती कीबोर्डवर पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण वहिनी त्यानंतर तालमीला आलेल्या नाहीत. "आता एखादी तरुण मुलगी बघा," असा निरोप त्यांनी नवऱ्याबरोबर पाठवला.

मला तरुण मुलगी बघायची नाही. सासूबाई दवाखान्यात असतानासुद्धा या बाईंनी तालीम चुकवली नव्हती. आणि त्यांच्या आवाजात आता जो भरीवपणा आलाय तो पूर्वी नव्हता, हे मी शेजारी बसून ऐकतो.

कोजागिरीला साडेतीन आठवडे राहिलेत. यादीत २२ गाणी, त्यातली १३ वहिनींची, सगळी मूळ पट्टीत (म्हणजे पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला षड्ज, 'सा', धरतात तिथे) बसवलेली, बहुतेक काळी चार आणि काळी पाच. मी घरी ट्रान्सपोजचं बटण दाबून सगळी तीन पट्ट्या खाली आणली आणि त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या अंदाजाने गुणगुणून पाहिली. काही छान बसली, काही एकदम पडली. सगळ्यांना सारखंच खाली आणलं, मग असं का? गाणी निवडायची तर कशाच्या आधारावर?

काळी_चार

दादा, मी कोल्हापूरला गाणं शिकवते, तीस वर्षं होतील. आधी दोन गोष्टी सांगा. वहिनी आज खाली कुठपर्यंत आणि वर कुठपर्यंत आरामात जातात? आणि पाच वर्षांपूर्वी कुठपर्यंत जात होत्या? "आरामात" म्हणजे शब्दांसकट, मान न ताणता. शब्दांशिवाय नुसता "आ" लावून पोचलेला सूर धरू नका. आवाज तापल्यावर मोजा, पण दमल्यावर नको.

एक विचारून ठेवते. आवाज बसलेला, घोगरा असं काही तीन आठवड्यांहून जास्त चाललंय का? तसं असेल तर गाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तर घाबरू नका. पाळी थांबल्यावर बऱ्याच बायकांचा आवाज थोडा जाड होऊन खाली येतो. माझाही आला.

सांगलीचा_कीबोर्ड

ताई, मनापासून आभार. घोगरेपणा नाही. काल संध्याकाळी पेटी घेऊन त्यांच्याच घरी गेलो. नको-नको म्हणत होत्या, पण पेटी उघडल्यावर बसल्या.

आज: खालच्या सप्तकातली पांढरी पाच ते वरच्या सप्तकातली पांढरी दोन.
पाच वर्षांपूर्वी (जुन्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगवरून काढलं): खालची पांढरी सहा ते वरची पांढरी चार.

काळी_चार

हे आकडे वहिनींना दाखवा. पूर्वी खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून २० पायऱ्यांचं अंतर होतं, आज १९ आहे. वरच्या तीन गेल्या, पण खाली दोन नव्या मिळाल्या. हरवली ती एकच. त्यांना वाटतंय आवाज गेला. आवाज फक्त सरकलाय.

आता तुमची गाणी का पडली ते. काळी पाचचं गाणं तीन पट्ट्या खाली आणलं की षड्ज येतो खालच्या पांढरी पाचवर. म्हणजे त्यांच्या अगदी तळाशी. ज्या गाण्याची चाल षड्जाच्या खाली उतरत नाही आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत जाते, ते नेमकं मावलं. पण ज्याचा मुखडा मंद्र (षड्जाच्या खालच्या) धैवत-पंचमात घुटमळतो, त्याला पायाखाली जमीनच उरली नाही. मंद्र पंचम ते तार मध्यम असा पल्ला असलेलं गाणं २२ पायऱ्या मागतं. वहिनींकडे १९ आहेत. असं गाणं कुठल्याही पट्टीत बसणार नाही. बटण दाबत बसू नका, यादीतून काढा.

मात्र नुसती टोकं मोजून भागत नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी विचारते, गाण्याचा मुक्काम कुठे आहे? सगळ्यात वरचा सूर एखादं गाणं एकदाच शिवतं आणि खाली येतं. दुसरं गाणं त्याच सुराच्या एक पायरी खाली अख्खा अंतरा तळ ठोकून बसतं. कागदावर पहिलं अवघड दिसतं, गळ्याला दुसरं जास्त थकवतं. खालच्या बाजूलाही हेच. मुखडा जर षड्ज ते गंधारातच फिरत असेल आणि तुम्ही तो पांढरी पाचला आणलात, तर सूर लागतील पण त्यात ताकद नसेल. मग माइकवाला आवाज वाढवणार आणि तबल्याचा घुमारा त्यात शिरणार.

म्हणून वहिनींचा मुक्काम शोधा: कुठल्या सुरांवर त्यांचा आवाज गोल आणि भरीव लागतो? तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, मधल्या सप्तकातली पांढरी एक ते काळी चार. गाण्यातल्या जास्तीत जास्त ओळी तिथे पडतील अशी पट्टी प्रत्येक गाण्याला वेगळी काढा. सगळ्यांना सरसकट तीन खाली नको. एखाद्याला एकच पुरेल, एखाद्याला चार लागतील. एखादा सूर एकदाच टोकाला जात असेल तर ती जागा थोडी बदलून घ्या. "ई"कारावर वरचा सूर येत असेल तर जास्त जपा. "आ"वर तोच सूर मोकळा लागतो.

नवी गाणी शोधताना गीता दत्त आणि शमशाद बेगम यांच्याकडे वळा. पुरुषांची गाणीही घ्या. हेमंतकुमारांची कितीतरी गाणी शांतपणे मधल्या सुरांत चालतात. ती पांढरी पाचला घेऊन बघा, वहिनींच्या भरीव आवाजात फार सुंदर लागतील.

जुना_श्रोता

ताईंबद्दल आदर आहे, तरी एक सांगतो. मी चाळीस वर्षं वाद्यवृंद ऐकतोय. गाणं मूळ पट्टीत नसलं की कानाला लगेच कळतं, त्यातली झळाळी जाते. 'बैजू बावरा' (१९५२) मधलं रफीसाहेबांचं 'ओ दुनिया के रखवाले' घ्या. नौशादांनी शेवटी आवाज जिथे नेलाय, ती चढण हेच ते गाणं. खाली आणून गाण्यात काय अर्थ?

काळी_चार

त्या गाण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. ज्याचा प्राणच उंचीत आहे ते गाणं खाली आणू नये, सोडून द्यावं. पण अशी गाणी मोजकी. बाकीच्यांच्या "मूळ पट्टी"बद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. जुनी ध्वनिमुद्रणं पेटीशी जुळवून बघा, कितीतरी दोन पट्ट्यांच्या मधेच सापडतात, कारण टेपची आणि तबकडीची गती मागेपुढे व्हायची. आणि आपल्या संगीतात षड्ज गाणाऱ्याचा असतो. सांगलीकरांच्या शेजारी मिरजेत बायकांचा तंबोरा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा करतात, तो कशासाठी? ख्याल गाताना, अभंग गाताना मूळ पट्टी कोणती होती असं आपण कधी विचारत नाही. भावगीतातही गाणाऱ्याला तेवढा मान द्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

लग्गी_आणि_लडी

तबल्याच्या बाजूने लिहितो, कारण हे नेहमी शेवटच्या क्षणी आठवतं. कीबोर्डवाल्याचं काम एका बटणात होतं, तबला हातोडीने लावावा लागतो. १३ गाण्यांना सात पट्ट्या केल्यात तर तुमचा तबलजी अख्खा कार्यक्रम गठ्ठे (तबल्याच्या वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसेल. एकाच पुडीला (तोंडावरच्या चामड्याला) तीन-चार पट्ट्या खालीवर ओढलं तर सैल झाल्यावर आस (सुराची गुंज) राहत नाही आणि ताणल्यावर पुडी जाते. दोन वेगळ्या तोंडाचे तबले ठेवा. वहिनींच्या पट्ट्या दोन-तीनवर आणा आणि एका पट्टीची गाणी ओळीने घ्या. मधे निवेदकाला दोन मिनिटं द्या, तेवढ्यात सूर मिळवता येतो.

गिटारला त्रास नाही. काळी तीन आली तर दुसऱ्या घरात कॅपो (तारा दाबणारा चिमटा) लावून ई कॉर्डच्या आकारात वाजवायचं.

युगुलगीतं वेगळी तपासा! वहिनींसाठी गाणं चार खाली आलं की तुमचा गायकही चार खाली जातो आणि त्याच्या ओळी खर्जात बुडतात. आम्ही असं एक गाणं मधल्या म्युझिकमध्ये पट्टी बदलून बसवलं होतं. जमलं, पण दीड महिना लागला. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

सांगलीचा_कीबोर्ड

नऊ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, जुन्या श्रोत्यांचेही. त्यांच्यामुळे दोन गाणी मी हट्टाने ठेवणार होतो ती काढली.

आकडे वहिनींना वहीत लिहून दाखवले. "खाली दोन मिळाल्या" या ओळीवर त्या बराच वेळ थांबल्या. मग स्वतःच पेन घेतलं आणि १३ पैकी पाच गाण्यांवर काट मारली. त्यातलं एक त्यांचं सगळ्यात आवडतं. ते मी पुन्हा लिहायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे, ते मी घरी म्हणेन."

मुक्काम ताईंनी सांगितला त्यापेक्षा एक पायरी खाली निघाला. उरलेल्या आठ गाण्यांपैकी पाच पांढरी पाचला बसली, तीन काळी तीनला. दोनच पट्ट्या झाल्यामुळे तबलजी खूश आहे. नव्याने चार घेतली: दोन गीता दत्तची, एक हेमंतकुमारांचं, एक अभंग. युगुलगीतं तीन होती, एकच ठेवलं, ज्यात दोघं आळीपाळीने गातात आणि गायकाच्या ओळी मुळातच वर आहेत.

काल पूर्ण तालीम झाली. हेमंतकुमारांचं गाणं संपल्यावर ऑक्टोपॅडवाला मुलगा, जो कधी काही बोलत नाही, म्हणाला, "वहिनी, हे पुन्हा घ्या ना." त्यांनी घेतलं. दुसऱ्या खेपेला डोळे मिटून गायल्या.

लग्गी_आणि_लडी, एक विचारायचं राहिलं. कोजागिरीला गच्चीवर दव पडतं, रात्री अकरानंतर तबला उतरतो. काळी तीनची गाणी शेवटी ठेवली तर चालतील ना?