एसएसडी काढली की विंडोजही सुरू होत नाही: ग्रब नेमका कुठल्या ड्राइव्हवर बसलाय?

दोनदारी:
एनव्हीएमई ड्राइव्हवर विंडोज ११ आधीपासून. नंतर ५०० जीबीची साटा एसएसडी लावून तिच्यावर उबुंटू २२.०४ टाकलं. इन्स्टॉल करताना बूट लोडरच्या (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, उबुंटूचा तो ग्रब) खान्यात एसएसडीच (एसडीए) निवडली होती. दोन्ही सिस्टिम व्यवस्थित चालतात, पण एसएसडीची केबल काढली की काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब>’ येऊन बसतं. विंडोजच्या ड्राइव्हला तर हातही लावला नव्हता. मला हवंय ते इतकंच: कुठलाही एक ड्राइव्ह काढला तरी दुसरा आपला आपण सुरू व्हावा, आणि दोन्ही असतील तेव्हा मेनू यावा. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेले बूट लोडर चालू देणारी सोय) चालू आहे. पुन्हा इन्स्टॉल न करता जमेल का?

बूटपॉलिश:
जमेल. आत्ता अडकलात तर ‘ग्रब>’ समोर एक्झिट टाइप करून एंटर मारा. ताबा फर्मवेअरकडे (मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रामकडे) परत जातो आणि त्याच्या बूट यादीतली पुढची नोंद, म्हणजे विंडोज, सुरू होते.

इन्स्टॉलरच्या त्या खान्यावर विसंबू नका. युईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मशीनवर उबुंटूचा तो जुना इन्स्टॉलर तुमची निवड बाजूला ठेवतो आणि आधीपासून असलेलं ईएफआय पार्टिशन (बूट लोडरच्या फाइली ठेवायचा ड्राइव्हचा छोटा भाग) सापडलं की ग्रब तिथेच टाकतो. तुमच्याकडे ते विंडोजच्या ड्राइव्हवर होतं. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये ‘फाइंडमाउंट /बूट/ईएफआय’ चालवा (स्पेलिंग findmnt: ‘माउंट’चं फक्त एम-एन-टी). उत्तरात एनव्हीएमई दिसलं की निदान पक्कं. त्या पार्टिशनमधल्या उबुंटू फोल्डरात तीन ओळींची एक छोटी कॉन्फिग फाइल असते. तिचं काम एकच: अमुक यूयूआयडीचं (पार्टिशनचा ओळख क्रमांक) पार्टिशन शोध आणि खरा मेनू तिथून वाच. एसएसडी नसली की शोध फसतो आणि ग्रब रिकाम्या प्रॉम्प्टवर येऊन थांबतो.

उपाय: एसएसडीला तिचं स्वतःचं ईएफआय पार्टिशन द्या. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं उबुंटू) पार्टिशन बदलायचं जीपार्टेड उघडा आणि उबुंटूचं पार्टिशन शेवटाकडून ३०० एमबीने कमी करा. सुरुवातीकडून कापू नका, सगळा डेटा सरकवावा लागतो आणि त्यात तास जातात. ईएफआय पार्टिशन ड्राइव्हच्या शेवटी असलं तरी चालतं. मोकळ्या जागेत फॅट३२ पार्टिशन बनवा आणि त्याला ‘ईएसपी’ फ्लॅग लावा.

मग नेहमीच्या उबुंटूत परत या. ‘सुडो बीएलकेआयडी’ने नव्या पार्टिशनचा यूयूआयडी घ्या (फॅटचा छोटा असतो, चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं). /ईटीसी/एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) मधल्या /बूट/ईएफआयच्या ओळीत फक्त यूयूआयडी बदला, बाकी ओळ तशीच. जुनं अनमाउंट करा, नवं माउंट करा, आणि ग्रब-इन्स्टॉल दोनदा चालवा. पहिल्यांदा टार्गेट एक्स८६_६४-ईएफआय आणि ईएफआय-डिरेक्टरी /बूट/ईएफआय, एवढंच. दुसऱ्यांदा तेच, शेवटी ‘--रिमूव्हेबल’ जोडून. शेवटी अपडेट-ग्रब.

दुसऱ्या फेरीचं कारण: ड्राइव्ह काढला की बरीच फर्मवेअर त्याची नोंद स्वतःच्या मेमरीतून पुसून टाकतात. पुन्हा जोडल्यावर ती परत येईलच असं नाही. रिमूव्हेबलमुळे ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या नावाची फाइल बनते, तिला नोंद लागत नाही. मात्र उबुंटू फोल्डर जादा समजून उडवू नका. साइन केलेला ग्रब आपली कॉन्फिग तिथेच शोधतो.

एसएसडीवरून नीट सुरू होतंय हे दोन-तीनदा बघितल्यावरच एनव्हीएमईच्या ईएफआय पार्टिशनमधलं उबुंटू फोल्डर काढा. मायक्रोसॉफ्ट फोल्डरला हात लावू नका.

गल्लीबोळ:
एवढी उठाठेव कशाला? ४०_कस्टम (ग्रबच्या मेनूत आपल्या नोंदी घालायची फाइल) मध्ये एक मेनूएंट्री लिहा, आत ‘सेट रूट=(एचडी१,जीपीटी१)’ आणि खाली चेनलोडर (दुसऱ्या बूट लोडरकडे ताबा देणारी आज्ञा). झालं काम.

बूटपॉलिश:
त्याने मेनूत ओळ वाढेल, पण एसएसडी काढल्यावरचा प्रश्न जागच्या जागी राहील. शिवाय एचडी० आणि एचडी१ हे क्रमांक फर्मवेअर प्रत्येक बूटला नव्याने देतं. एक पेनड्राइव्ह लावलेला राहिला की क्रम फिरलाच. हाताने नोंद लिहायचीच असेल तर ‘सर्च --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट’ आणि पुढे त्या पार्टिशनचा यूयूआयडी द्या. चेनलोडरला /ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट/बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय हा मार्ग.

दोनदारी:
सगळं केलं. एसएसडी काढल्यावर विंडोज सरळ सुरू होतं, एनव्हीएमई काढल्यावर उबुंटूही. पण दोन्ही जोडल्यावर ग्रबच्या मेनूत विंडोज नाही.

चहाटर्मिनल:
ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधून मेनूत घालणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. अपडेट-ग्रब चालवताना तशी ताकीदही छापली जाते, आपण वाचत नाही. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला (सगळी नावं कॅपिटलमध्ये, फॉल्स मात्र स्मॉलमध्ये) आणि पुन्हा अपडेट-ग्रब.

विंडोजवर बिटलॉकर (ड्राइव्हचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर एक लक्षात घ्या. ग्रबमधून विंडोज सुरू केलं की टीपीएमला (एन्क्रिप्शनची की सांभाळणारी चिप) बूटची साखळी वेगळी दिसते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. आधी ती की कागदावर उतरवून ठेवा. त्यापेक्षा मला दुसरी वाट बरी वाटते: ‘ईएफआयबूटएमजीआर’ चालवून विंडोजचा चार आकडी क्रमांक बघा, मग ‘ईएफआयबूटएमजीआर -एन’ (एन स्मॉल, कॅपिटल एनने भलतंच होईल) आणि तो क्रमांक देऊन रीस्टार्ट करा. पुढच्या एकाच वेळेपुरतं फर्मवेअर थेट विंडोजकडे जातं, ग्रब मध्ये येतच नाही.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मेनू गायब झाला तर घाबरू नका. बहुधा फक्त क्रम बदललेला असतो, ‘-ओ’ ने उबुंटूचा क्रमांक पुन्हा पहिला लावा.

दोनदारी:
मेनूत विंडोज आलं. बिटलॉकर बंदच होता. पुढे ही एसएसडी डीडीने मोठ्या एसएसडीवर क्लोन करणार आहे. हेच सगळं जसंच्या तसं चालेल?

बूटपॉलिश:
चालेल, पण क्लोन झाल्यावर दोन्ही एसएसडी एकत्र जोडून बूट करू नका. यूयूआयडी दोघींचे सारखेच असतील आणि ग्रबला जी आधी सापडेल तिच्यावरून सुरू होईल. मशीन बंद करा, जुनी काढा, मग सुरू करा. जुनी नंतर डेटासाठी वापरायची असेल तर लाइव्ह यूएसबीवर फक्त तीच जोडून आधी तपासणीसाठी ई२एफएससीके -एफ, मग यूयूआयडी बदलायला ‘ट्यून२एफएस -यू रँडम’ (यू कॅपिटल).