थेंब नाही तरी कूलंट कमी? हेड लगेच उतरवू नका
१५ दिवसांत अर्धा लिटर कूलंट गायब, पिकअपखाली थेंब नाही, आणि मेकॅनिक हेड (इंजिनावरचं झाकण) उतरवायला निघालाय. जरा थांबवा त्याला.

गाडी रात्रभर गार होऊ द्या. रेडिएटरच्या कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर (काटा असलेला हातपंप) लावून कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या (०.९ बार तर ०.९, जास्त नको) आणि २० मिनिटं काटा बघा. उतरला तर वॉटर पंपाच्या पोटातलं बारीक भोक टॉर्चने तपासा. तिथली गळती गरम इंजिनवर वाळते, मागे फक्त खार उरतो. म्हणून जमीन कोरडी. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कात्रजच्या चढावर कूलंट तिथूनच बाहेर फेकलं जातं.

बाहेर सगळं कोरडं, तरी काटा उतरतोय? ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) असलेलं डिझेल असेल तर माझा पहिला संशय त्यावरच. दाब तसाच ठेवून त्याचा गॅसकडचा पाइप सोडा, आत ओल दिसेल. हेड गॅस्केट (हेडखालची सील) गेलं असेल तर गार इंजिन चालू केल्यावर एकदोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा होतो.

आणि हो, तोवर बोअरचं पाणी ओतू नका. डिस्टिल्ड वॉटर घ्या.