शब्दचर्चा : ‘सुसंगत’ ब्राउझर म्हणजे नेमका कसा?

प्रश्न

परवा शालिमारजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. शेजारी दिंडोरीकडचे एक काका मोबाइलवर कसला तरी अर्ज भरत होते. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली : ‘आपला ब्राउझर सुसंगत नाही. कृपया समर्थित ब्राउझर वापरा.’ काकांनी ती दोनदा वाचली आणि दुकानदाराला विचारलं, “भाऊ, याला कोणाची संगत लागली?”

हसू आलं खरं, पण काकांचं काय चुकलं? ब्राउझरच्या, म्हणजे वेबसाइट उघडणाऱ्या ॲपच्या, बाबतीत कंपॅटिबल, सपोर्ट आणि स्टँडर्ड हे इंग्रजी शब्द सारखे येतात. या तिघांना मराठीत काय म्हणायचं? शब्दकोशातलं नको, दुकानात उभं राहून बोलता येईल असं हवं.

उत्तर (प्रूफं तपासणारा, नाशिकरोड)

‘सुसंगत’ हा शब्द विधानाचा आहे. साक्षीदाराचा जबाब सुसंगत असतो, युक्तिवाद सुसंगत असतो. म्हणजे मागचं-पुढचं एकमेकांना धरून असतं. एकच वस्तू घेऊन ती ‘सुसंगत नाही’ म्हटलं की वाचणारा अडतो, कारण कशाशी ते सांगितलेलंच नसतं.

‘समर्थित’ तर त्याहून वाईट. समर्थन भूमिकेचं करतात, उमेदवाराचं करतात. ‘या ब्राउझरला आमचे समर्थन नाही’ हे वाचून मला कोणीतरी पत्रक काढल्यासारखं वाटतं. ‘पाठिंबा’ लिहिलात तर मोर्चाच निघेल. ‘आधार’ चांगला शब्द होता, पण आता तो कार्डाने पळवला. सरळ ‘सोय’ म्हणा : या ब्राउझरमध्ये अमुक सोय नाही.

उत्तर (अंबडला वर्कशॉप, मुलगा वेबसाइटी करतो)

आमच्याकडे हे तिन्ही शब्द रोज लागतात, फक्त कोणी शब्द म्हणून बघत नाही. तीन सुती बोल्टला दहा एमएमचा नट लावायला गेलं की पोरगा म्हणतो, “आटे बसत नाहीत.” झालं कंपॅटिबल. बसतो किंवा बसत नाही.

स्टँडर्ड वेगळं. आट्यांचं माप आधीच ठरलेलं असतं, म्हणून इथला नट पुण्याच्या बोल्टला बसतो. इंग्लंडात व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एकच माप सुचवलं, त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. आणि कानस मारून, जोर लावून बसवला तर तो बसतो, पण मापात नसतो.

मुलगा म्हणतो, वेबवर बरीच वर्षं हेच चाललं होतं. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. लोकांनी त्याच्या खोडी बघून वेबसाइटची पानं घासली. पानं त्यात झकास दिसायची, फायरफॉक्समध्ये विस्कटायची. बसत होती, पण मापात नव्हती. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला. ती घासलेली पानं मात्र काही ठिकाणी अजून आहेत.

प्रश्नकर्ता

आटे! हे आवडलं. मग ‘ब्राउझर मानक पाळतो’ आणि ‘पान ब्राउझरमध्ये चालतं’ अशी दोन क्रियापदं वेगळी ठेवली तर गोंधळ निम्मा संपतो. पण मानक की प्रमाण?

उत्तर (प्रूफं तपासणारा)

प्रमाणभाषा, प्रमाणवेळ हे आपले जुने शब्द, त्यामुळे मन ‘प्रमाण’कडे ओढतं. पण ‘वेबचे प्रमाण वाढले’ असं कोणी लिहिलं की घोटाळा, कारण साखरेचंही प्रमाण असतं. मानकच बरं. आयएसआयच्या छापामागची संस्थाही भारतीय मानक ब्यूरोच. भगूरच्या सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ दिले तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती, आज ते शब्द कोणाला टोचत नाहीत.

एक बारकावा. १९९४ पासून वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था आपल्या अंतिम मसुद्याला मानक म्हणतच नाही, ‘शिफारस’ म्हणते. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएल ५ ची शिफारस ऑक्टोबर २०१४ ची. सक्ती कोणावर नाही. म्हणून ‘नियम’ हा शब्द टाळावा.

उत्तर (वेबसाइटी करणारा मुलगा स्वतः)

बाबांनी माझं नाव घेतलंच आहे तर थोडं सांगतो. सीएसएसमधली, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेतली, एखादी ओळ ब्राउझरला कळली नाही तर तो रुसत नाही, ती सोडून पुढे जातो, आणि हे वागणंही मानकातच लिहिलेलं आहे. म्हणून मी सपोर्टला ‘कळणं’ म्हणतो : ‘याला ग्रिड (पानाची चौकटीत मांडणी करायची सीएसएसची सोय) कळत नाही.’

आणि मराठीवाल्यांना सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या लिपीत आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला तो आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या मानकात, ऱ, हलन्त आणि य मिळून होतो. जुन्या फोनांवर तो फुटायचा, पाय मोडलेला ऱ आणि शेजारी सुटा य. अक्षरं बरोबर साठवलेली, पण ती जुळवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडाक्षर कळत नव्हतं. तसंच पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी खूण केली आणि फाँटमध्ये सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. खूण नसेल तर बऱ्याचदा हिंदी वळणाचे. वाचणारा म्हणतो “वेबसाइट हिंदी वाटते”, आणि चूक असते एका खुणेची.

प्रश्नकर्ता

काकांची सूचना अशी लिहून बघितली : ‘हा अर्ज या ब्राउझरमध्ये उघडणार नाही. क्रोम किंवा फायरफॉक्सची नवी आवृत्ती वापरा.’ दुकानदाराला दाखवली. म्हणाला, पहिलं वाक्य बेस्ट. पण ‘आवृत्ती’ कशाला? गिऱ्हाइकाला आम्ही “अपडेट मारा” सांगतो.

उत्तर (प्रूफं तपासणारा)

‘मारा’ छापायला माझा हात धजत नाही. ‘अपडेट करा’वर तोडगा काढू.